हातांना छंद असू द्या

येरवड्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्याने ते उभं केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला आर्थिक बळ दिलं. एकीकडे व्यसनात अडकलेली घरं, दुसरीकडे हमाल आणि विडी कामगारांच्या हालअपेष्टांवरचं अनिल अवचटांचं लेखन. दुसऱ्याचं दुःख इतक्या जवळून पाहणारा माणूस आतून करपायला वेळ लागत नाही. त्यातच १९९७ मध्ये अनिताताई कर्करोगाने गेल्या.

अवचट मात्र करपले नाहीत. ते बासरी वाजवत, लाकडात शिल्पं कोरत, चित्रं काढत आणि कागद दुमडत. ओरिगामीत कडेला कड नेमकी जुळवावी लागते, मग नखाने घडी दाबायची. घाई केली तर पक्ष्याची मान वाकडी होते. तेवढा वेळ मनाला दुसरीकडे पळताच येत नाही. मला वाटतं, त्यांच्या टिकून राहण्यात या छंदांचा मोठा वाटा होता.

आपण छंद निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवतो, ही मोठी चूक आहे. खरी गरज आत्ता आहे, हिंजवडीच्या गर्दीतून थकून घरी परतताना.

आज रात्री फोन बाजूला ठेवा. माळ्यावरची पेटी काढा, रंग काढा, नाहीतर घरातल्या लेकराला जवळ बसवून कागदाची एक होडी करा.