पैसे पोचले का?

आजचं वाचन : दासबोध, दशक ३, समास ६ ते ८

आज त्रिविध तापांचे समास. खरं सांगतो, हे समास मी पूर्वी भराभर पुढे सरकवायचो. समर्थ देहाची एकेक व्याधी सांगतात, मग बाहेरून होणारी एकेक इजा. केवढी ती यादी! ‘माणूस दुःखी आहे’ एवढ्यावर भागलं नसतं का?

नाही भागत. हे मला घराने शिकवलं.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, समर्थांच्या जन्मगावापासून, जांबपासून जवळच. २०१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, आमचीही. मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलेलो. दर महिन्याला पैसे पाठवायचो आणि फोनवर विचारायचो, “आई, पैसे पोचले का?” “पोचले रे बाळा.” झाला माझा हिशेब पूर्ण!

पाडव्याला गेलो तेव्हा कळलं, सातवीतली धाकटी बहीण टँकरची वाट बघत आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवत होती. आईने लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

जगही बराच काळ तेच विचारत होतं : दिवसाला किती डॉलर? २०१०मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातलं एक संशोधन केंद्र आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी बहुआयामी गरिबी निर्देशांक आणला. आरोग्य, शिक्षण, राहणीमान. मिळून १० निकष. घरात कुणी कुपोषित आहे का, स्वयंपाक कशावर होतो, पिण्याचं पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त लागतो का. नीती आयोगाने २०२१च्या अहवालात माता-आरोग्य आणि बँक खातं धरून १२ निकष केले. उत्पन्न त्यात नाहीच.

तरीही एक गोष्ट टोचते. धाकटीचं नाव पटावर होतं. म्हणजे या मोजणीतही ती ‘शाळेत जाणारी’च ठरली असती. माप कितीही बारीक करा, काहीतरी निसटतंच. ते कुणीतरी जवळ बसून विचारावं लागतं.

म्हणून आता ती यादी मी सावकाश वाचतो. समर्थ त्यातून वैराग्याकडे नेतात हे खरं. पण वैराग्य म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ज्याने दुःख इतकं नावानिशी मोजलं, त्याने ते आधी थांबून पाहिलं असणार.

आजची साधना छोटी आहे. घरी फोन करा. “पैसे पोचले का?” झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.

जय जय रघुवीर समर्थ!