सातही दिवस शनिवार

उन्हाळा सरून हवेत गारवा येऊ लागला की आपल्या परदेशातल्या घरांतून एक वाद हमखास ऐकू येतो. "पपा, तुम्ही कशाला हात लावता? बसा ना स्वस्थ." "अरे, बसून बसून अंग आखडले." "मग जरा फिरून या. नाहीतर खाली ट्रेडमिल आहे, त्यावर चाला अर्धा तास." म्हातारा माणूस हातातले दाताळे भिंतीला टेकवून ठेवतो आणि वाद संपतो. वाद घरगुती खरा, पण त्यात नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे असे मला वाटते. ज्याच्या अंगात अजून बळ आहे त्याचे काम प्रेमापोटी काढून घेण्याचा आपल्याला हक्क आहे काय? आणि कामाच्या बदल्यात व्यायाम दिला म्हणजे त्याची भरपाई होते काय?

मी राहतो ते स्टेट कॉलेज हे पेन्सिल्व्हेनियाच्या मध्यभागी, निटनी डोंगराजवळ वसलेले विद्यापीठाचे गाव. इथे सप्टेंबर संपता संपता झाडे रंग बदलतात आणि ऑक्टोबरभर अंगणात पाचोळ्याचा खच पडतो. तो ओढून रस्त्याच्या कडेला ठेवायचा, मग बरोची गाडी येऊन नेते आणि त्याचे खत होते. शिवाय छपराच्या पन्हळी साफ करायच्या, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, फर्नेसचा फिल्टर बदलायचा, अंगणातल्या नळाचे पाणी तोडायचे. हे सारे थंडी येण्याआधी उरकावे लागते. लोद, दिमोना, अश्दोदच्या वाचकांना असा पाचोळा ठाऊक नसेल, पण पहिल्या पावसाआधी गच्चीची डागडुजी आणि सुक्कोथचा मांडव ही कामे त्यांनाही चुकत नाहीत. म्हणजे ऋतू बदलताना घर माणसाकडे काम मागते. कोणाकडे मागते, हा खरा मुद्दा.

माझ्या ओळखीच्या एका घरातले वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षे फिटर होते. हाताला अजून घट्टे आहेत. मुलगा इथे चांगल्या नोकरीवर, सून तशीच. दोघेही वडिलांना फार जपतात. पाचोळ्यासाठी पैसे देऊन एक विद्यार्थी येतो, बिजागरी करकरली तर मिस्त्री येतो. वडिलांसाठी गरम कोट आहे, चालायचे खास बूट आहेत आणि रोज किती पावले झाली ते सांगणारे मनगटी यंत्र आहे. ते मला एकदा म्हणाले, "सहा हजार पावले चाललो, पण गेलो कुठे?" मला उत्तर देता आले नाही.

ज्या विद्यापीठामुळे हे गाव वसले त्याची सुरुवात मात्र निराळी होती. १८५५ साली 'फार्मर्स हायस्कूल' या नावाने ते स्थापन झाले आणि १६ फेब्रुवारी १८५९ रोजी ६९ विद्यार्थ्यांनिशी वर्ग भरले. तेव्हा मुख्य इमारतसुद्धा अर्धवट होती. प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो श्रीमंताचा असो की गरिबाचा, रोज तीन तास अंगमेहनतीचे काम करायचे असा दंडक होता. शेत साफ करणे, कुंपण घालणे, लाकूड फोडणे, पीक काढणे. पहिले अध्यक्ष इव्हान प्यू हे जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले, पण मुलगेपणी त्यांनी लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी केली होती. मुख्य इमारतीचा चुनखडीचा दगड ओढायला एक खेचर होते, त्याचे नाव कोली. ते १८९३ साली मेले, पण त्याचा सांगाडा विद्यापीठाने आजवर जपून ठेवला आहे. एका खेचराची एवढी आठवण ठेवणारे लोक मला आवडतात! पुढे तीन तासांचा नियम गेला, आणि १९२९ साली 'रेक हॉल' ही खेळ-व्यायामाची भव्य इमारत उभी राहिली. ज्या जागेवर मुलांचा घाम शेतात आणि सरपणात मुरत होता तिथे घाम गाळण्यासाठी वेगळी इमारत बांधावी लागली. यात दोष कोणाचाच नाही. पुस्तके वाढली, शेत आटले, शरीराला हालचाल तर हवीच. पण दोन्हींत फरक आहे, तो विसरू नये.

ट्रेडमिलचे मूळ पाहिले तर हा फरक आणखी उघडा पडतो. १८१८च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या इंजिनियरने कैद्यांसाठी पायाने फिरवायचे मोठे चाक काढले. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळले जाई. पण पुष्कळ तुरुंगांत त्या चाकाला काहीच जोडलेले नसे. कैदी तासन् तास चढत आणि नुसता वारा दळत. श्रम तेवढेच, पण निष्फळ. शिक्षेची धार त्या निष्फळपणातच होती. मराठीत आपण रिकाम्या फेऱ्यांना घाण्याचा बैल म्हणतो. आपण तर कोकणातल्या तेल्यांचीच लेकरे, तेव्हा बैलाच्या वतीने एवढे सांगायला हरकत नाही की तो बिचारा निदान तेल काढून देत असे.

यावर कोणी म्हणेल, ट्रेडमिलवर चालणारा कैदी नाही, तो स्वखुशीने चालतो आणि त्याचे काळीज बळकट होते. अगदी खरे. व्यायामाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम मेहनत सांगितली, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावे असेही सांगितले. पण त्याच संघटनेच्या हिशेबात घरकाम आणि अंगणातले कामही धरले आहे. दाताळ्याने पाने ओढणे हे जवळजवळ भरभर चालण्याइतकेच कष्टाचे. शरीराला पाचोळा आणि पट्टा यांतला भेद कळत नाही.

हे पहिल्याने मोजून दाखवणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्या वाचकांना रुचेल. जेरी मॉरिस हे लिव्हरपूलमध्ये जन्मलेले, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले डॉक्टर. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असे. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीने प्रवास केलेल्यांना तो जिना आठवेल. मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. पुढे त्यांना स्वतःलाच शंका आली की ड्रायव्हर मुळातच जाडे तर नसतील? म्हणून त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, आणि ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेला जास्त भरत असे आढळले. तेही त्यांनी छापले. असा प्रामाणिक माणूस ९९ वर्षे जगला. २००९ साली गेला. कंडक्टर जिना चढला तो तिकिटे फाडायला. आरोग्य त्याला वरताव्यात मिळाले.

मग आपली मुले वडिलांच्या हातातून दाताळे का काढून घेतात? कंजूषपणा किंवा तिरस्कार म्हणून नव्हे. आपल्याकडे मान देण्याची रीतच मुळी 'आपण बसा' अशी आहे. आपले पूर्वज रेवदंडा, पेण, अलिबागच्या गावांतून घाणा सोडून मुंबईला आले, पलटणीत गेले, कचेऱ्यांत आणि रेल्वेत शिरले. दर पिढीला घाम थोडा कमी झाला आणि त्यालाच आपण प्रगती मानली. 'हमाली' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. त्यामुळे बापाला काम करताना पाहिले की मुलाला वाटते, शेजारी काय म्हणतील? इथल्या शेजाऱ्याला मात्र त्याचे काहीच वाटत नाही. तो स्वतः प्रोफेसर असून शनिवारी शिडीवर चढून पन्हळीतला चिखल काढत असतो.

दुसरे उत्तर असे की काम बाहेरच्या माणसाला दिले तर त्याला चार पैसे मिळतात. हेही खोटे नाही, शिकणाऱ्या मुलाला ते पैसे हवेच असतात. पण हिशेब करताना एक खाते आपण उघडतच नाही, ते म्हणजे वडिलांच्या दिवसाचे.

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धांच्या निवासात केलेला एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितले, तुमचे तुम्ही ठरवा. आणि ज्याला हवे त्याने एक रोप निवडून ते सांभाळावे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे दिली, पण पाणी घालायला परिचारिका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त तरतरीत दिसली. त्यांचे आयुष्यही वाढले असे पुढे म्हटले गेले, पण त्या आकड्यांत चूक निघाली आणि दुरुस्ती छापावी लागली, म्हणून त्यावर मी भर देत नाही. पहिली गोष्टच पुरेशी आहे. रोप दोन्हीकडे होते. एकीकडे ते माणसावर अवलंबून होते आणि दुसरीकडे नव्हते.

आता आपल्या स्वतःच्या परंपरेकडे वळतो. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. तेल तर गावातले इतर तेलीही काढीत. आपली ओळख पटली ती एका दिवसाच्या विसाव्यावरून. त्या विसाव्याला किंमत होती, कारण मागे सहा दिवस घाणा फिरलेला असे. शब्बाथ हा कामाच्या बरोबरीने आला आहे, कामाला बदली म्हणून नव्हे. ज्या वडिलांना आपण आठवडाभर खुर्चीत बसवतो त्यांना आपण सातही दिवस शनिवार दिले असे आपल्याला वाटते. वास्तविक त्यांचा शनिवारही आपण हिरावून घेतलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले तरी त्यांच्या दिवसात फरक काय पडणार?

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुरुषमंडळी ती सोयीस्करपणे विसरतात. आजीच्या बाबतीत सगळे उलट आहे. तिला कोणी 'बसा' म्हणत नाही. सकाळी पोळ्या, दुपारी नातवंड, आणि नव्या वर्षाचा सण आला की चिकाचा हलवा. नारळाच्या दुधात तो चीक दोन-दोन, तीन-तीन तास ढवळायचा, बुडाला लागू द्यायचा नाही, हात थांबवायचा नाही. दंड भरून येतात. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही आणि काम तर मुळीच म्हणत नाही. संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल लावतानाही तीच लावून घेते. जे आजोबांना सक्तीने मिळते ते आजीला मागूनही मिळत नाही, आणि हा अन्याय पहिल्यापेक्षा मोठा आहे असे मी मानतो. पातेल्याशी मुलाने उभे राहावे आणि आजीने खुर्चीतून सांगावे, "अजून नाही, अजून सुटला नाही."

वडिलांना काम द्यायचे तर ते खरे द्यावे. मन रमावे म्हणून दिलेले खोटे काम माणूस लगेच ओळखतो. पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसे ते आहे. मला एक घर माहीत आहे, तिथे वडील दिवसा पाने ओढतात आणि मुलगा रात्री टॉर्च घेऊन तीच पाने पुन्हा नीट करतो. हे काम काढून घेण्यापेक्षा वाईट. खरे काम म्हणजे ते त्यांनी केले नाही तर राहून जाईल असे. ते त्यांच्या पद्धतीने होईल, थोडे हळू होईल, चुकले तर तोंडावर सांगावे लागेल, आणि ते दमले तर दमू द्यावे लागेल. ज्यांना खरोखर बसायचे आहे त्यांनी बसावे. सत्तर वर्षांनंतर तो हक्क कोणाला सिद्ध करून दाखवावा लागू नये. पण विचारावे तरी.

धोक्याचे म्हणाल तर शिडीवर त्यांना चढू देऊ नये. पन्हळी त्या विद्यार्थ्यानेच साफ कराव्यात. आणि पुढे बर्फ पडेल तेव्हाही मी मुलांच्याच बाजूचा आहे. घरासमोरचा पदपथ मोकळा करण्याची जबाबदारी इथे घरमालकाची असते, पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, ओला बर्फ जड असतो आणि फावडे मारताना हृदयावर एकाएकी ताण येतो, म्हणून डॉक्टर वयस्क माणसांना ते काम करू नका असे बजावतात. फावडे मुलाने घ्यावे. पायऱ्यांवर मीठ टाकायचे काम उरतेच, आणि ते दूधवाल्याच्या वेळेला उठायची सवय असलेल्या माणसालाच जमते.