चौसष्ट अक्षरांची पायरी

लिनक्सवर ‘गो’ ही भाषा बसवणं अगदी सोपं आहे. टारबॉल डाउनलोड करायचा, जुनी आवृत्ती असेल तर काढायची, नवी यूएसआर-लोकलमध्ये उलगडायची आणि तिच्या बिन फोल्डरचा पत्ता पाथमध्ये लिहायचा. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तरी भाषा जागेवरच असते. शेलला तिचा पत्ता मिळालेला नसतो, इतकंच.

या घाईत एक पायरी बरेच जण गाळतात. डाउनलोडच्या पानावर प्रत्येक फाइलीपुढे चौसष्ट अक्षरांचा चेकसम दिलेला असतो. आपल्या फाइलीचा चेकसम काढून तो त्याच्याशी ताडायचा. एक बिट बदलला असला, तरी दोन्ही जुळत नाहीत. मला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. कारण आपण पुढे लिहू ती प्रत्येक ओळ या कम्पायलरच्या हाताखालून जाणार असते.

केन थॉम्पसन यांचं ट्यूरिंग पुरस्काराचं व्याख्यान १९८४ मध्ये छापून आलं. कम्पायलरमध्ये चोरवाट कशी लपवता येते, हे त्यांनी त्यात दाखवलं. सोर्स कोड ओळन्‌ओळ वाचला तरी ती सापडत नाही, कारण ती सोर्समध्ये नसतेच. कम्पायलर स्वतःला कम्पाइल करताना ती पुढच्या पिढीत उतरवतो. आणि २००७ मध्ये रॉबर्ट ग्रीझमर आणि रॉब पाइक यांच्यासोबत ‘गो’ची आखणी करायला बसले, ते हेच थॉम्पसन! पुढे २०१५ मध्ये, आवृत्ती १.५ पासून, ‘गो’चा कम्पायलरही सी सोडून ‘गो’मध्येच आला. ‘गो’ बांधायला आधी ‘गो’ हवी. थॉम्पसन यांनी मांडलेला प्रश्न त्यांच्याच भाषेला येऊन भिडला.

इथे चेकसम पुरत नाही. जी फाइल ठेवली होती तीच आली, एवढंच तो सांगतो. आत काय आहे ते नाही. म्हणून २०२३ मधली आवृत्ती १.२१ मला फार महत्त्वाची वाटते. तेव्हापासून एकाच सोर्समधून, कोणत्याही मशीनवर, बिटन्‌बिट तीच टूलचेन, म्हणजे कम्पायलर आणि त्याच्यासोबतची साधनं, तयार होते. सुरुवात वेगळ्या कम्पायलरपासून केली, तरीही. म्हणजे एखाद्या कम्पायलरमध्ये चोरवाट असलीच, तर ताडताना फरक दिसेल. ही पडताळणी, ‘गो’ जिथे घडली त्या गूगलमधल्या इंजिनिअरइतकीच, तालुक्याच्या कॉलेजातली विद्यार्थिनीही करू शकते. सोर्स सगळ्यांसाठी खुला आहे आणि साध्या लॅपटॉपवर ही बांधणी काही मिनिटांत होते.