खुर्चीतल्या माणसाचं देणं

ग्रीन वर्दिमन ब्लॅक हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव, जन्म 1836 चा. दातांचं काम ते एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकले, तेही काही महिनेच. आणि तेवढ्या शिदोरीवर विंचेस्टर या छोट्या गावात त्यांनी दवाखाना थाटला. त्या काळी एवढं पुरेसं मानलं जाई. पुढे सूक्ष्मदर्शकातून दिसणारी दाताची रचना, धातूंची मिश्रणं, जंतू असं जे जे कामाला लागेल ते ते हा माणूस स्वतःच्या बळावर शिकत गेला. 1897 मध्ये ते शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दंत महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. 1908 मध्ये त्यांचा ‘ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्री’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला. किडलेल्या दातातल्या पोकळ्यांचे जे वर्ग आज मुंबई-नागपूरच्या दंत महाविद्यालयांतही शिकवले जातात, त्यांचा पाया ब्लॅक यांनीच घातला.

या ब्लॅक यांचं एक ठाम मत होतं. जो स्वतःला व्यावसायिक म्हणवतो त्याने आयुष्यभर विद्यार्थीच राहिलं पाहिजे. शिकणं थांबवण्याचा हक्क त्याला नाही. शिकत राहिलात तर नाव होईल, चार पैसे जास्त मिळतील, अशा सल्ल्याच्या सुरात ते बोलत नव्हते. ते बंधन सांगत होते. आणि बंधन म्हटलं की ते कोणी घातलं, हे विचारावं लागतं. एखाद्याने चार वर्षं बीडीएसचा अभ्यास केला, वर्षभर इंटर्नशिप केली, परीक्षा दिल्या, नाव नोंदवलं, पाटी लावली. त्यानंतरही त्याच्याकडे शिकण्याचं देणं उरत असेल, तर ते कोणाचं?

भारतीय परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू उपदेश करतात, आणि त्यात स्वाध्यायात हयगय करू नकोस असं बजावतात. गुरुकुलातून निरोप देतानाच हे सांगावं, याला अर्थ आहे. समोर गुरू नसतील, परीक्षा नसेल, तेव्हाच्या अभ्यासाबद्दल हे बोलणं आहे. त्याच वल्लीत सत्य, तप, दम, अतिथिसेवा अशी कर्तव्यं एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला स्वाध्याय व प्रवचन यांची जोड दिलेली दिसते. शेवटी तीन ऋषींची तीन मतं नोंदवली आहेत. एकाला सत्य सर्वश्रेष्ठ वाटतं, दुसऱ्याला तप. तिसरे नाक मौद्गल्य म्हणतात की शिकणं आणि शिकवणं हेच सर्वांत मोठं, कारण तेच तप आहे. ऋषिऋणाची कल्पनाही याच विचाराशी जुळणारी आहे. पूर्वसूरींनी ज्ञान दिलं, त्याची फेड अध्ययनाने करायची.

पण ऋषिऋण आपल्या आधी होऊन गेलेल्यांचं असतं. वैद्याचा आणखी एक धनको असतो आणि तो समोरच, तोंड उघडून, खुर्चीत बसलेला असतो.

हा माणूस विलक्षण असहाय असतो. शिंप्याने कापड बिघडवलं तर गिऱ्हाइकाला आरशात दिसतं. दाढेच्या मुळाशी काय केलं, कोणत्या नळीचं टोक साफ झालं नाही, कोणती तपासणी करायला हवी होती आणि केली नाही, हे रुग्णाला कधीच कळत नाही. त्याला फक्त दुखायचं थांबलं की नाही एवढं समजतं. डॉक्टरांचं ज्ञान ताजं आहे की वीस वर्षांपूर्वीचं, हे पारखायचं साधन त्याच्याकडे नाही. जे त्याला तपासता येत नाही, ते तो विश्वासावर सोडून देतो. शिकण्याचं बंधन इथून येतं. ते दंतवैद्यांच्या परिषदेने किंवा कायद्याने निर्माण केलेलं नाही. समोरच्याने विश्वासाने डोळे मिटले त्या क्षणी ते निर्माण झालं.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात आणि हाडांत पसरलेल्या कर्करोगात बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं दिली जातात. ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या जबड्याचं हाड उघडं पडतं, मरतं, दात काढल्यावर जखम भरूनच येत नाही, हे अमेरिकेतले जबड्याचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी 2003 मध्ये वैद्यकीय जगापुढे ठळकपणे मांडलं. म्हणजे 1995 साली पदवी घेतलेल्या अत्यंत हुशार, सुवर्णपदक मिळवलेल्या दंतवैद्यालाही महाविद्यालयात हे कोणी शिकवलेलं असणं शक्य नव्हतं. त्यानंतर त्याने वाचलं नसेल, तर सत्तरीच्या आजीबाईंची हलणारी दाढ काढताना ‘हाडांसाठी काही गोळ्या-इंजेक्शन चालू आहे का?’ हा प्रश्न त्याच्या तोंडून येणारच नाही. त्याचा हात कुशल असेल, मन दयाळू असेल, फीही माफक असेल. तरीही अपाय होऊ शकतो.

हृदयरुग्णांचं उलट झालं. दात काढण्यापूर्वी अनेक हृदयरुग्णांना प्रतिजैविकं देण्याची जुनी पद्धत होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये ती खूपच आटोपशीर केली. कृत्रिम झडप बसवलेले किंवा हृदयाच्या अस्तराचा संसर्ग आधी होऊन गेलेले, अशा सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरतीच ती ठेवली. काल जे कर्तव्य होतं ते आज अनावश्यक ठरलं. सद्हेतू दोन्ही वेळा सारखाच होता; बदललं ते ज्ञान. नीतीचा विचार करणाऱ्यांनी इथे थांबावं असं हे ठिकाण आहे. चांगुलपणा मनात असून भागत नाही, काय केल्याने चांगलं होतं हे माहीत असावं लागतं, आणि ते माहीत करून घेणं हाही चांगुलपणाचाच भाग आहे.

यावर ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप असतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. तीस वर्षांचा हात काही शिबिरांत मिळत नाही, असं ते म्हणतात. खरंच आहे. अक्कलदाढ कुठे अडली आहे हे बोटांना कळण्यासाठी शेकडो दाढा काढाव्या लागतात. पण अनुभव आपोआप ज्ञान वाढवतो का? ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात 2005 मध्ये एक आढावा आला होता. डॉक्टरांच्या अनुभवाची वर्षं आणि उपचारांचा दर्जा यांची सांगड घालणारी 62 मूल्यमापनं त्यात तपासली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी वर्षं वाढली तशी कामगिरी खालावलेली आढळली. हा आढावा दंतवैद्यांचा नव्हता, सर्वसाधारण डॉक्टरांचा होता. पण त्यातून जो इशारा मिळतो तो सर्वांनाच लागू आहे. सुश्रुताने शास्त्र जाणणारा पण हात न चालणारा आणि हात चालणारा पण शास्त्र न जाणणारा, अशा दोघांनाही अपुरं मानलं होतं. सरावाबद्दल तो इतका काटेकोर होता की दात उपटण्यासारखी कामं आधी मेलेल्या जनावरांच्या दातांवर आणि फणस, बेल यांच्या गरावर करून पाहावीत, असं त्याने सांगून ठेवलं आहे. माणसाच्या तोंडात पहिला प्रयोग नको, हा त्यामागचा विचार.

सर्वांत कठीण शिक्षण मात्र जुनं सोडून देण्याचं असतं, आणि त्याचं उदाहरण पुन्हा ब्लॅक यांच्यापाशीच सापडतं. कीड काढताना आजूबाजूचा निरोगी भागही कोरून पोकळी वाढवावी, म्हणजे तिथे पुन्हा कीड लागणार नाही, असा त्यांचा प्रसिद्ध नियम होता. दाताला न चिकटणारी धातूची मिश्रणं भरण्याच्या काळात तो योग्यच होता. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या आवरणावर आम्ल लावून त्याला राळ चिकटवता येते हे दाखवलं आणि त्या नियमाच्या मुळावरच घाव बसला. आता शक्य तेवढा निरोगी दात राखायचा असतो. पुढे तर स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर, ड्रिल न लावता, कीड न काढता, सरळ पोलादी टोप्या बसवल्या. त्यांनी ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, मग रीतसर चाचण्या झाल्या, आणि आज ती पद्धत त्यांच्या नावाने शिकवली जाते. एका दवाखान्यात काम करणाऱ्या बाईंकडून विद्यापीठं शिकली. नाक मौद्गल्यांची स्वाध्याय-प्रवचनाची जोडी याहून वेगळी काय असते?

मग ब्लॅक यांचा खरा शिष्य कोण? त्यांचा नियम अजून पाळणारा, की त्यांची शिकण्याची वृत्ती घेऊन तो नियम सोडणारा? गुरुभक्तीची आपल्याकडे मोठी थोरवी आहे, म्हणून हा प्रश्न इथे अधिक बोचतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. त्यांत आचार्यांची उपासना आहेच. पण यादीतलं पहिलं लक्षण अमानित्व आहे, आणि ज्ञानेश्वरांनी या लक्षणांचा विस्तार अतिशय मायेने केला आहे. ज्याला मोठेपण मिरवायचं नाही त्यालाच ‘आजवर मी करत होतो ते आता चुकीचं ठरलं आहे’ असं म्हणता येतं. चरकाने तर वैद्यकशास्त्राला पैलतीरच नाही असं म्हटलं, त्याच विषयातल्या जाणकारांशी चर्चा करण्याला ज्ञान मिळवण्याचा एक मार्ग मानलं, आणि हिताची गोष्ट शत्रूकडूनही घ्यावी असं सुचवलं.

आजच्या व्यवस्थेने या कर्तव्याला आकडे जोडले आहेत. ब्रिटनमध्ये दंतवैद्याला पाच वर्षांत किमान 100 तासांचं पडताळता येणारं शिक्षण घ्यावं लागतं. भारतातही श्रेयगुणांची पद्धत आहे. आकड्यांची गरज आहे, पण मागच्या रांगेत बसून, चहा घेऊन, सही करूनही गुण मिळतात. इम्प्लांट किंवा यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांच्या कार्यशाळांत कौशल्य मिळतं खरं, पण ते कुठे वापरू नये हे तिथे क्वचितच ठासून सांगितलं जातं. भिंतीवर नवं प्रमाणपत्र लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला तोच उपचार सुचवला जाऊ लागला, तर ते शिक्षण रुग्णाचं देणं फेडत नाही, उलट वाढवतं.

देणं फेडणारं शिक्षण कसं असतं हे कळायला ब्लॅक यांच्या शेवटच्या वर्षांकडे पाहावं. कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात, असं फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य सांगत होते. एवढी ठळक गोष्ट दंतवैद्यकाच्या ग्रंथांत आलीच कशी नाही, याचं ब्लॅक यांना नवल वाटलं. 1909 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते स्वतः तिथे गेले आणि 1915 मध्ये निधन होईपर्यंत त्या डागांचा अभ्यास करत राहिले. डागाळलेले दात किडत मात्र कमी, हे त्या दोघांच्या ध्यानात आलं. कारण त्यांना सापडलं नाही. पाण्यातलं जादा फ्लोराइड हे ते कारण 1931 मध्ये उघड झालं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याने मुलांचे दात डागाळतात. ते डाग अस्वच्छतेचे नाहीत हे तिथला डॉक्टर आज ओळखू शकतो, त्यामागे त्या वृद्ध विद्यार्थ्याचीही मेहनत आहे.

दंतवैद्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ वाचनासाठी राखावी, आणि एखाद्या प्रकरणात अडलं तर सहकाऱ्याला फोन करायला संकोचू नये. रुग्णांनीही आपला वाटा उचलावा. पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी बरोबर न्या, हाडांच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आवर्जून सांगा, आणि ‘या उपचारात अलीकडे काही बदललं आहे का?’ असं विचारा. शिकत राहणारे डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.