घेतलं ते परत द्यायचं
आजचा स्वाध्याय: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १४



आजच्या श्लोकांत भगवंत अर्जुनाला एक चक्र समजावून सांगतात. जीव अन्नावर जगतात, अन्न पावसानं पिकतं, पाऊस यज्ञानं पडतो आणि यज्ञ कर्मातून घडतो. पण त्याआधी, बाराव्या श्लोकात, एक कडक शब्द येतो: चोर. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटाच भोगतो, तो चोर.

हा शब्द आपल्याला लागतो का? बोअर घेतला, मोटर बसवली, टाकी भरली. जमिनीकडून रोज घेतोच. आणि गच्चीवर पडलेला पाऊस? पाइपातून थेट गटारात.

माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशात, प्रवरेकाठी ही गीता मराठीत उलगडली. त्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पर्जन्यछायेतलं, दुष्काळानं ओस पडत चाललेलं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गाव श्रमदानाला लागलं. डोंगरउतारावर समतल चर, नाल्यांवर बांध, झाडं. पळणारं पाणी थांबलं, मुरलं. विहिरींना पाणी आलं.

खरी परीक्षा पाणी आल्यावर होती. गावानं ठरवलं: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची. विहिरीत पाणी दिसत असताना उसाचा पैसा सोडणं शेतकऱ्याला सोपं नसतं. तीच त्यांची आहुती.

आता हवामान बदलतंय. महिनाभर उघडीप, मग दोन तासांत रस्त्याची नदी. पडेल तेव्हा धरायला हवं. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ४०० मिलिमीटर पडला, तर ४०,००० लिटर!

आजचा संकल्प: आपल्या गच्चीचा पाइप कुठे जातो, ते बघून या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. गच्ची झाडून घ्यायची, पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं गाळून शोषखड्ड्यात. आणि घरात रोज एक बादली कमी. जिरवलं त्याच्या दुप्पट उपसलं, तर बाराव्या श्लोकातला तो शब्द आपल्याला चिकटलेलाच राहील.

राम कृष्ण हरी!