उपग्रह सही करतो का?

माझं काम सांगायला सोपं आहे. उपग्रहांनी काढलेल्या शेतांच्या प्रतिमा आमच्या सर्व्हरवर येतात. मी लिहिलेला कोड त्यांतले ढग काढून टाकतो, पिकाचा हिरवेपणा मोजतो आणि प्रत्येक शेतापुढे एक शेरा लिहितो. तो शेरा पुढे पीकविम्याच्या कामी येतो. प्रतिमांपैकी काही इस्रोच्या असतात, काही युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या. पुण्यात बसून आपण थोडंफार पुण्याचंही काम करतोय, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

एका ऑक्टोबरात काकांचा फोन आला. लातूर जिल्ह्यात त्यांची दीड एकर जमीन आहे आणि त्या वर्षी तिच्यात सोयाबीन होतं. कापून शेतातच वाळायला पसरलेलं, आणि वरून परतीचा पाऊस. "शेंगांना कोंब फुटलेत," एवढंच ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी सहज आमच्या सिस्टीममध्ये त्यांचं शेत उघडून पाहिलं. शेरा होता: सामान्य, काढणी पूर्ण.

हे कसं झालं ते मला दोन मिनिटांत कळलं, कारण तो भाग मीच लिहिला होता. मधले बारा दिवस ढग होते. ढगांखालचं दिसत नाही, म्हणून माझा कोड ढगांच्या आधीचा स्वच्छ दिवस घेतो, नंतरचा स्वच्छ दिवस घेतो आणि दोन्हींच्या मध्ये सरळ रेघ मारतो. आधीच्या दिवशी पीक पिवळं पडत चाललं होतं, नंतरच्या दिवशी रान तपकिरी होतं. सोयाबीन पिकलं की पानं गाळतं, कापलं की जमीन उघडी पडते. सडलं तरी वरून रंग साधारण तोच. कोडच्या दृष्टीने सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

मी काकांना हे सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे. बहुधा मन मोकळं करायला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, तलाठी येतो, पंचनामा करतो, खाली सही करतो. चुकीचं लिहिलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसतो. तुझा उपग्रह सही करतो का?"

हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पण तो गेला नाही. तो पुढे असा वाढत गेला: जो पाहतो, त्याच्यावर पाहिल्याची काही जबाबदारी येते का? आणि पाहणारा एखादा माणूस नसून देशाच्या पैशावर चालणारी संस्था असेल, तर ती जबाबदारी नक्की कोणाची?

आपल्याकडे वरून पाहण्याची सुरुवात झाली ती नारळापासून. केरळात नारळाच्या झाडांना मूळकुजव्या रोग लागत होता. १९७० च्या सुमारास पिशारोती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर त्या बागांचे फोटो काढले. निरोगी पान इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परतवतं, आजारी पान कमी. म्हणून आपल्या डोळ्यांना सारखीच हिरवी दिसणारी झाडं त्या फिल्मवर वेगळी दिसतात. भारतातल्या दूरसंवेदनाचा उगम इथे मानतात. मला यात आवडतो तो हेतू. अंतराळ कार्यक्रमाच्या आरंभी साराभाईंची भूमिका हीच होती, की गरीब देशाने हे तंत्र वापरायचं ते दुसऱ्या देशांशी चढाओढ करण्यासाठी नाही, तर इथल्या माणसांच्या अडचणींसाठी. म्हणजे आपल्या देशाने वर डोळा बसवला तो मुळातच एक वचन देऊन.

पुढे तो डोळा तीक्ष्ण होत गेला. १९७९ मध्ये भास्कर-१ सोव्हिएत रशियातून अवकाशात गेला. १७ मार्च १९८८ ला बैकोनूरहून आयआरएस-१ए गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर ७२.५ मीटर लांब-रुंद होता. गुंठ्यांत मोजलं तर साधारण ५२ गुंठे. काकांचं शेत ६० गुंठ्यांचं, म्हणजे जेमतेम एक ठिपका. २००३ च्या रिसोर्ससॅट-१ वरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आला. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा ठिपका म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा; जणू कोणी आपल्या सातबाऱ्याकडे बघूनच तो आखला. आणि २०१९ च्या कार्टोसॅट-३ चा ठिपका पाव मीटरचा. त्यात काकांच्या विहिरीचा काठही दिसावा.

कागदावरचा हा प्रवास पाहिला की वाटतं, ठिपका लहान होत जाईल तसतसा अन्यायही लहान होत जाईल. मीही असंच धरून चाललो होतो. पण काकांच्या बाबतीत चूक ठिपक्याच्या आकाराची नव्हती. पाव मीटरचा ठिपका असता तरी ढग ते ढगच.

इथे उपग्रहाची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती लहान नाही. तलाठ्याचा पंचनामा म्हणजे सत्ययुग नव्हे. गावागावांत रस्त्यावरूनच पाहणी उरकल्याच्या गोष्टी आहेत. कोणाच्या ओसरीवर चहा झाला यावर कोणाचं नुकसान किती ठरतं, हेही लोक सांगतात. पंच म्हणून कोणाला बोलावलं जातं आणि कोणाचं शेत शेवटी पाहिलं जातं, यात जात आणि भावकी असतेच. उपग्रहाला भावकी नाही. तो पाटलाच्या आणि मजुराच्या रानावरून एकाच वेगाने जातो. त्याने काढलेली प्रतिमा मागची तारीख घालून बदलता येत नाही. आसामात पूर येतो तेव्हा हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एनआरएससी, पाण्याखाली गेलेल्या भागाचे नकाशे काढून देतं. तिथे पायी पाहणी करायची म्हटली तर पूर ओसरल्यावरच होईल. तेव्हा "यंत्र नको, माणूस हवा" असं म्हणून सुटका नाही. यंत्राने काही जुने अन्याय खरोखर कमी केले आहेत.

तरीही काकांचा प्रश्न शिल्लक राहतो. तो प्रश्न अचूकतेचा नाहीच. तलाठी चुकतो हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचा मुद्दा असा, की तलाठ्याची चूक ही कोणाची तरी चूक असते.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एक साक्षी, दुसरा साक्षीदार. वेदान्तातला साक्षी फक्त पाहतो. त्याला काही लागत नाही, तो कशात गुंतत नाही, आणि हेच त्याचं मोठेपण मानलं जातं. कोर्टातला साक्षीदार याच्या अगदी उलट. त्याला नाव सांगावं लागतं, शपथ घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे त्याची उलटतपासणी होते. तू तिथे किती वाजता होतास? उजेड होता का? मध्ये झाड होतं का? त्याच्या बोलण्याला वजन येतं ते त्याला हे प्रश्न विचारता येतात म्हणूनच.

उपग्रह आपल्याला आवडतो तो साक्षी म्हणून. उंच, अलिप्त, निःपक्षपाती. पण आपण त्याला वापरतो साक्षीदार म्हणून. त्याच्या शब्दावर कोणाचे तरी पैसे ठरतात. साक्षीचा मान आणि साक्षीदाराचं काम, पण उलटतपासणी नाही. माझ्या मते सगळी गडबड या अदलाबदलीत आहे.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण शेतीतलं नाही, हिमालयातलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठात घरांच्या भिंतींना तडे जात होते, लोक घरं सोडत होते. त्याच दिवसांत एनआरएससीने उपग्रह प्रतिमांवरून एक प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला: २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. त्याआधी एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान सुमारे ९ सेंटिमीटर. बातमी देशभर गेली. लगेचच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सरकारी संस्थांना कळवलं, की याविषयी माध्यमांशी बोलू नये, समाजमाध्यमांवर माहिती देऊ नये, कारण वेगवेगळ्या अर्थांमुळे गोंधळ होतो. तो अहवाल संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये, उत्तराखंड उच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर, निरनिराळ्या संस्थांचे अहवाल सार्वजनिक झाले.

गोंधळाची भीती खोटी नव्हती. माझ्या कामात मी रोज पाहतो, की कच्चा आकडा अर्ध्या तासात पक्का होऊन फिरू लागतो. घबराटीने माणसं दगावू शकतात. संस्थेने घाई करू नये हे म्हणणं रास्त आहे. पण घाई न करणं वेगळं आणि बोललेलं मागे घेऊन गप्प बसणं वेगळं. साक्षीदार म्हणू शकतो, "मला नीट दिसलं नाही, पुन्हा पाहून सांगतो." तसं म्हणणं हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. "मी पाहिलं, पण तुम्ही घाबराल म्हणून सांगत नाही" असं मात्र तो म्हणू शकत नाही. निदान ज्याचं घर आहे त्याला तरी नाही. ज्याच्या पायाखालची जमीन मोजली, त्या मोजणीवर पहिला हक्क त्याचा. त्याने राहायचं की निघायचं, हे ठरवण्यासाठी त्याच्याकडे दुसरं काही नाही. त्या वेळी भिंतीवरची भेग त्याला दिसतच होती. त्याला हवं होतं ते भेगेचं कारण आणि वेग, आणि ते फक्त वरच्या डोळ्याला ठाऊक होतं.

आता कोणी म्हणेल, हे मागचं झालं, माहिती आता खुली होते आहे. होते आहे हे खरं. अमेरिकेने लँडसॅटच्या प्रतिमा २००८ मध्ये सर्वांना मोफत केल्या आणि जगभरच्या संशोधनाचा चेहराच बदलला. भारताच्या २०२३ च्या अंतराळ धोरणातही ५ मीटर किंवा त्याहून मोठ्या ठिपक्याची माहिती मोफत आणि खुली ठेवायचं म्हटलं आहे. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचं रडार ढगांतून आणि रात्रीही पाहतं, दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतं, आणि जमिनीची अगदी बारीक हालचालही टिपतं. म्हणजे माझ्या कोडची ढगांची सबबही हळूहळू जाणार, आणि जोशीमठासारख्या गावांवर सतत नजर राहणार.

पण खुलेपणाने माझी सोय झाली, काकांची नाही. ती फाइल मी उघडू शकतो. काकांच्या फोनवर ती उघडणार नाही आणि उघडली तरी त्यांना तिच्याशी भांडता येणार नाही. शिवाय मधल्या साखळीकडे बघा. संस्था म्हणते, आम्ही प्रतिमा दिली. आम्ही म्हणतो, आम्ही प्रक्रिया केली. विमा कंपनी म्हणते, आम्हाला आकडा आला. समिती म्हणते, आकड्याप्रमाणे निर्णय झाला. प्रोग्रामरांमध्ये एक जुना विनोद आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" ही सगळी साखळी त्याच एका वाक्यावर उभी आहे. जबाबदारीचे इतके पातळ काप केले, की कोणाच्याच ताटात ती दिसत नाही.

मग राष्ट्रीय संस्थेने काय करावं? विम्याचे निकाल इस्रोने द्यावेत असं मी म्हणत नाही. पण साक्ष कशी द्यायची याची रीत घालून देण्याइतका अधिकार या देशात तिच्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. तारीख, ढग, ठिपक्याचा आकार आणि किती खात्री, हे निकालापासून तोडता येणार नाही असं तिने ठरवलं, तर खालच्या साखळीला ते पाळावं लागेल. आमच्या शास्त्रात शेतात जाऊन खात्री करण्याला "ग्राउंड ट्रुथ" म्हणतात, जमिनीवरचं सत्य. शब्द आम्हीच निवडलाय. सत्य खाली आहे हे आम्ही मान्य केलंय. फक्त खालच्या माणसाला बोलायची जागा ठेवलेली नाही.

मी माझ्यापुरतं एक केलं. शेऱ्यांमध्ये चौथा पर्याय घातला: "दिसलं नाही". पुढच्याच बैठकीत तो निघाला. वरिष्ठ वाईट नाहीत, ते म्हणाले, "दिसलं नाही असं सांगायचे पैसे गिऱ्हाईक कशाला देईल?" बरीच ओढाताण झाल्यावर एक रकाना टिकला. प्रत्येक शेतापुढे आता लिहिलेलं असतं, की मधले किती दिवस प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. तो रकाना कोणी वाचतं की नाही, मला माहीत नाही.

काकांनी तेव्हा ७२ तासांच्या आत तक्रार नोंदवली होती. तपासणीला माणूस आला, बांधावर उभा राहिला, कागदावर सही करून गेला. हाती आलं ते सांगण्यासारखं नव्हतं. काका तालुक्याला जाऊन त्या माणसाशी भांडले. फार काही बदललं नाही, पण त्याने त्यांच्यासमोर बसून कागद पुन्हा वाचला. कागदावर त्याचं नाव होतं, म्हणून एवढं तरी झालं.

आमच्या शेऱ्याखाली अजून कोणाचंच नाव नसतं. त्या ऑक्टोबरच्या शेऱ्याखाली खरं तर माझं असायला हवं होतं.