पणजाच्या नावापुढचा शब्द



मुलाच्या दाखल्यासाठी तुम्ही तहसील कचेरीत जाता. 1990 पासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळतात, पण जात पडताळणीला पुरावा लागतो तो 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. मग आजा-पणजाचे कागद शोधणे आले. गाव नमुना नंबर 14, म्हणजे आपले कोतवाल बुक. शाळेचे जनरल रजिस्टर. वतनी जमिनीचे फेरफार. (जळगावकडील बांधवांनी ध्यानात ठेवावे, 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे होते.) पाने उलटता उलटता बोट थांबते : 'अमका वल्द तमका, महार.' आणि पुष्कळांची मान खाली जाते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने अशी नक्कल पाहून बापाला विचारले, "हाई काय लिखेल शे? आपण तर बौद्ध ना?" बापाने त्या शब्दावर आंगठा ठेवला. मला म्हणाला, "गुरुजी, एवढा शब्द गाळून नक्कल मिळत नाही का?"

शब्द गाळला तर चौथे शील मोडते, हे त्याला सांगता आले असते. पण त्याचे दुःख निराळे होते. 1956 साली आपण ते नाव टाकले. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली. मग या पणजाशी आपले नाते कोणते?

काही म्हणतात, नातेच नाही. दीक्षा घेतली तिथून आपला जन्म. मला हे पटत नाही. तथागतांनी कुळाचा अभिमान टाकला, तरी बुद्ध झाल्यावर ते कपिलवस्तूला पित्याला भेटायला गेलेच. आणि लाज कशाची? गतजन्मीच्या पापाने माणूस हीन कुळात येतो, हे मत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात नाकारले आहे. त्या शब्दापाशी मान खाली घालणाऱ्याच्या मनात ते जुने मत अजून घर करून आहे, असे मला वाटते. पंचशील रोज म्हणूनही ते निघत नाही.

मी माझ्या पणजाचे कागद वाचले. 1918 साली एकाच महिन्यात त्याच्या घरी तीन मृत्यू, कारण 'ताप'. ती इन्फ्लुएंझाची साथ. वतनाच्या कागदावर त्याचा आंगठा आहे. 1874 च्या कायद्याने पक्के केलेले हे वतन म्हणजे रात्री-अपरात्री हाक आली की उठून चालू लागायचे, आणि राबायचे सगळ्या घराने. त्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले. वतन गेले ते 1958 च्या कायद्याने. मधल्या काळात, 1936 साली, या माणसाने मुलाचे नाव शाळेत घातले. मुलगा दुसरीपर्यंत टिकला. शाळा सोडण्याचे कारण एका शब्दात आहे : 'गैरहजर'.

मी त्या बापाला ही नक्कल दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि आपल्या कागदावरचा आंगठा उचलून मुलाला म्हणाला, "वाच, मोठ्याने वाच."

पणजीचे नाव मात्र मला अजून सापडलेले नाही. चौदा नंबरात तिच्या पाच बाळंतपणांच्या नोंदी आहेत. प्रत्येक ठिकाणी बापाचे नाव, पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. आईचे नाव एकाही ओळीत नाही.